लाटसाहेबांची शेवटची नेमणूक

“आम्ही या प्रांताचे गव्हर्नर! आम्हाला ताटकळत ठेवता?” पुरुषोत्तम गरजले, तशी शरयूने त्यांची बाही ओढली.

“अहो, हळू! अमेरिकेत, या अल्फारेटात कुठला आलाय तुमचा प्रांत!”

आता काय म्हणावं या माणसाला! तरुणपणी साताऱ्याच्या नाटकमंडळीत त्यांनी लॉर्ड वेदरफोर्ड रंगवला होता. विंगेत प्रॉम्प्टिंगला शरयू. दोन हजार सहाचे गणपती उठले आणि तो लॉर्ड पुन्हा त्यांच्या अंगात शिरला. मुलाने, प्रसादने, शेगडीची बटणं काढून ठेवली, बाहेरच्या दाराला घंटी बांधली. “बाबांसाठी गं,” म्हणाला. आज सकाळी तर साहेबांनी तिने मायक्रोवेव्हमध्ये केलेल्या चहाचा घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि “उत्तम!” म्हणत कप संपवला. वेडाच्या भरातही माणूस गोडच, तिला वाटलं.

आणि आता प्रसादने त्यांना विसराळू म्हाताऱ्यांच्या या होममध्ये आणलं होतं.

डॉक्टर रेणू पुण्याची. तिने नाव विचारलं मात्र, साहेब सुरू झाले.

“हवेलीत जन्मलो. दारात शिकारी कुत्रे, पार्लमेंटात वडिलांची खुर्ची. निवडणूक हरलो, तेव्हा आमच्याच मित्रांनी गव्हर्नर करून मुंबईला धाडलं. बोटीत चढताना लेडीसाहेब म्हणाल्या...”

काय बरं म्हणाल्या? शरयूला आठवेना.

“जिथे तुम्ही, तिथे मी,” साहेब तिच्याकडे बघत म्हणाले.

रेणूने पेन खाली ठेवलं. “ॲडमिट करू या. पण इथे फक्त पेशंटच राहू शकतात हं. धडधाकट जोडीदाराला परवानगी नाही.”

शरयूने पुन्हा त्यांची बाही धरली. हे एकटे राहणार? यांच्या पानात कोण वाढणार?

“मग मलाही वेडी लिही,” ती रेणूच्या कानाशी पुटपुटली. “एवढं कर, बाई. मीही विसरते म्हणावं. कोण बघायला येतंय?”

रेणूने तिचा हात हातात घेतला. “लिहिते, काकू. दोघांना एकच खोली.”

डॉक्टरणीला गुंडाळलं की! शरयू हरखून तिच्याबरोबर खोली बघायला गेली.

दार लागलं. आत बापलेक दोघेच उरले. लॉर्ड वेदरफोर्डनी टाय सैल केला आणि डोळे पुसले.

“प्रसाद, डॉक्टरला माझा संशय नाही ना रे आला? तुझ्या आईला इथे एकटीला सोडून मला घरी घास गेला नसता.”