नव्या आवृत्तीतला पाय

फाटकातून दोघं सोबतच निघाले, पण कोपऱ्यापर्यंत मिलिंद बराच पुढे गेला होता.

"अरे, हळू!" हेमांगीने मागून हाक मारली.

"मी कुठे पळतोय? तुझा कोडच पळवतोय."

मिलिंदचा डावा पाय कृत्रिम. तो चालवणारा, सी या संगणकभाषेतला जुना कोड पायातल्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत चालेना, म्हणून हेमांगीने आठवडाभर बसून तो बदलला होता. एक ओळ मात्र काढून टाकली. ती प्रत्येक पाऊल क्षणभर उशिरा टाकायची आणि का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुठल्या गाढवाने लिहिलंय, असं म्हणून तिने ती पुसली.

आता धापा टाकताना तिला आठवलं. ते गाढव तीच. पाय नवा बसवला तेव्हा मिलिंद असाच पुढे जायचा. संध्याकाळी फिरताना त्याच्यासोबत चालता यावं म्हणून तिने ती ओळ गुपचूप घातली होती. ते कारण कोडमध्ये लिहायला तेव्हा लाज वाटली.

तिने त्याला सगळं सांगितलं. एवढी वर्षं आपल्या संथ चालीसाठी पायाला दोष देणारा मिलिंद हसत सुटला.

"घरी गेल्यावर घाल परत," तो म्हणाला. "तोवर हात धर माझा."