वयाइतके ठोके

पेटी लहान होती. दोघा नोकरांनी ती उचलून आणली आणि घराण्याची थडगी असलेल्या तळघराच्या दारापाशी टेकवली. दार कोणी उघडलं नाही, कारण किल्ली प्रिन्स रूडिगरच्या मुठीत होती.

"आत कोण आहे?" त्याने बहिणीला विचारलं.

"तुझा भाचा. लोरेन्झ. चार वर्षांचा."

"भाचा व्हायला आधी बहिणीचं लग्न व्हावं लागतं, ओटी. गुरांच्या डॉक्टरबरोबर जाऊन राहिलीस, त्याला आम्ही लग्न म्हणत नाही."

राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती. बर्लिनला आता निवडून दिलेली माणसं बसत होती आणि खालच्या गावातले लोक रूडिगरला आठवलं तर टोपी काढत. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नवरा-बायको दोघांचं रक्त राजघराण्यातलं नसेल, तर फाल्कनरोडे घराण्यात ते लग्न नव्हे आणि त्यांचं पोर कोणीच नव्हे.

"रूडी, घसा धरला आणि सहा दिवसांत गेला रे तो." ओटिलीचा आवाज फाटला. "एकटा कधी झोपायचा नाही. आपल्या आईशेजारी ठेवू दे त्याला. आणि घंटा."

"घंटा घरच्या माणसांची. वयाइतके ठोके, ते त्यांनाच. बाबांची शिकारी कुत्री बागेत झाडाखाली पुरली आहेत ना, तिथे जागा आहे. सावलीही छान. तुझ्या नवऱ्याला तर अगदी घरच्यासारखं वाटेल."

नोकर जमिनीकडे बघू लागले. ओटिली रडली नाही. तिने विचारलं, "आत माझी जागा आहे ना अजून?"

"आहे की. तुझं रक्त कुठे बदललंय?"

या घरात मूल जन्मलं, की बाप्तिस्म्याच्याच दिवशी तळघरातल्या एका कोनाड्याच्या शिळेवर त्याचं नाव आणि जन्मवर्ष कोरत. आईच्या उजवीकडच्या शिळेवर 'ओटिली, १८९५' असं होतं. पुढे मृत्यूच्या वर्षासाठी दगड कोरा सोडलेला.

"मग माझी जागा त्याला दे," ती म्हणाली. "पाथरवटाला बोलाव. माझ्या नावापुढे यंदाचं वर्ष घाल."

रूडिगरने मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. मग त्याला हसू आलं. बहिणीने त्याचं कामच सोपं करून दिलं होतं.

"चालेल. पण पोराचं नाव येणार नाही. तुझं नाव, तुझं वर्ष. कबूल?"

"कबूल."

म्हातारा वेंझेल छिन्नी घेऊन आला. काय कोरायचं ते कळल्यावर त्याने छिन्नी खाली ठेवली. "बाईसाहेब, तुम्ही जरा बाहेर जा. जित्या माणसासमोर नाही हो होत असलं काम."

"कोर वेंझेल. पोर ताटकळलंय."

एक, नऊ, दोन, सहा. पेटी आत सरकली. शिळा बसली, कडेला चुना भरला. ओटिलीने शिळेवर हात ठेवला, तोच मागून भावाचा आवाज आला.

"क्रामरबाई, आता निघा तुम्ही."

ती वळली. "रूडी..."

"प्रिन्स रूडिगर म्हणा. आमची बहीण वारली आहे. घर सुतकात असताना बाहेरच्यांनी थांबू नये. नोकरांचं दार त्या बाजूला."

फाटकाबाहेर डॉक्टर क्रामर घोडागाडीपाशी उभा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती. बायकोला येताना पाहून तो दोन पावलं पुढे आला.

"ठेवलं?"

"ठेवलं. आईशेजारी."

तेवढ्यात वर घंटेचा टोला पडला. क्रामरने चटकन टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले.

"बघ," तो म्हणाला, "मी उगाच शिव्या घालत होतो तुझ्या भावाला. शेवटी मान राखला गं पोराचा."

ओटिलीने गाडीचा दांडा धरला होता. दुसरा ठोका पडला, तिसरा पडला. प्रत्येक ठोक्याला क्रामर मान लववत होता. चौथ्यानंतर त्याने डोळे पुसले आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

मग पाचवा पडला.