चौथी डिस्क

"अण्णा, त्यात नाव पण असेल काय?" कृष्णवेणीने विचारलं.

"असणारच, वैनी. भोंगा किती वाजता बंद झाला, कुणी केला, सगळं. यंत्राला भीडभाड नसते," राघोत्तम म्हणाला.

एन्नोरच्या त्या कारखान्यात तीन आठवड्यांपूर्वी बॉयलर फुटला. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. दोन मजूर जागच्या जागी गेले. बॉयलरवरचा रंगा, कृष्णवेणीचा नवरा, हॉस्पिटलात दोन दिवस तळमळून गेला. कंपनीने हात झटकले: भोंगा रंगानेच बंद केला होता म्हणे. मेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारता येतं.

राघोत्तमच्या अंगाची लाहीलाही झाली. तो आणि रंगा तंजावरला एका बाकावर शिकलेले. खरं काय ते कारखान्याच्या मोठ्या संगणकावर, युनिक्स वर्कस्टेशनवर, नोंदलेलं होतं आणि वर्कस्टेशन त्याच्या ताब्यात होतं. पण डिस्का गच्च भरल्या होत्या. जागा संपली की यंत्र जुन्या नोंदी पुसत जाई, आणि अपघाताच्या दिवसाची पाळी उद्या होती. चौकशीचे साहेब यायचे गुरुवारी. नोंदींची नक्कल काढायचं टेपचं यंत्र कंपनीने नेमकं याच आठवड्यात दुरुस्तीला नेलं होतं.

उपाय एकच. तीन डिस्कांना चौथी जोडायची आणि फाइल सिस्टीम, म्हणजे नोंदींची सगळी मांडणी, चौघींवर पसरवायची. मग एक जरी बिघडली तरी सगळंच जाणार, म्हणून नवी डिस्क दिवसभर तपासल्याशिवाय तो कधी जोडत नसे. आज तेवढा वेळ नव्हता.

स्टोअर्स कृष्णवेणीकडे होतं. दरवर्षी दसऱ्यात आयुधपूजेला तीच प्रत्येक चालत्या वस्तूला गंध-कुंकू लावी. बाद डिस्कांवर राघोत्तम निळ्या पेनने फुली मारून ठेवी. त्यांची पूजा होत नसे. कुंकू दिसलं की वस्तू धडधाकट, हा कारखान्याचा शिरस्ता.

"रंगा शेवटी काही बोलला काय?" त्याने हळूच विचारलं.

"पाणी मागितलं. दुसरं काही नाही." ती उठली. "थांबा, डिस्क आणते."

तिला बराच वेळ लागला. आत रडत असेल, म्हणून त्याने हाक मारली नाही. ती आली, डिस्क त्याच्या हातात दिली आणि बोटं पदराला पुसली. डिस्कवर कुंकू होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळपर्यंत चारही डिस्का एक झाल्या.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या समोरच चौथी डिस्क खडखडली आणि बंद पडली. राघोत्तमने जंग जंग पछाडलं, पण एक अक्षर परत आलं नाही. पुरावाच नाही म्हटल्यावर साहेबांनी कुणावरही ठपका न ठेवता फाइल मिटली. कंपनीनेच घात केला म्हणत कामगारांनी गेटवर रंगाच्या फोटोला हार घातला.

"मला माफ करा, वैनी." राघोत्तमला रडू आवरेना.

"त्यांना आता कुणी बोल लावणार नाही न, अण्णा? पुरे तेवढं," ती म्हणाली आणि घरी गेली.

त्याने एकेक डिस्क काढून टेबलावर मांडली. तिघींवरचं दसऱ्याचं कुंकू काळवंडून गेलं होतं. चौथीवरचं मात्र लालभडक होतं.

त्याने ते अंगठ्याने पुसलं. खाली त्याच्याच हातची निळी फुली होती.