साफ फोटो

कुहीहून शामलाला मागणी आली. त्यांनी फोटो मागितला, तर मारोतरावांनी न्हाणीत लाल बल्ब लावून लेकीचा फोटो स्वतःच धुतला.

"कपाळावरचा वण केवढा दिसून राहिला! कोन करन हिले पसंत?" म्हणत तिच्या आईनं, मैनाबाईंनी, निगेटिव्ह सीताबर्डीच्या स्टुडिओत नेली. तिथं पेन्सिलीनं वण बुजवून गुळगुळीत फोटो मिळाला. तोच पाठवला.

मग दोघांनाही चैन पडेना. रस्त्यात सायकलची घंटी वाजली, की मैनाबाई दारात.

शेवटी मध्यस्थ ताराचंद आला, तो फोटो परत घेऊनच.



"पोराचं साक्षगंध झालं वहिनी, दुसरीकडं. तो म्हने, एका लग्नात मले जे पोरगी आवडली, तिच्या कपाळावर वण होता. हे तर दुसरीच कोनी होय."