इंदूचं उत्तर

काचेमागून धनराजनं हात वर केला आणि रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा त्याच जागी. सोमारीबाईचा पारा चढला. पंखा बंद, दार बंद, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आणि बाहेर वरोऱ्याचं एप्रिलातलं ऊन. त्यात हा पोरगा गाणं काही पुढं जाऊ देईना.

"बाई, इथी जागा खाली राह्यते," धनराज म्हणाला. "लोकाईले वाटन, मोबाईलच बंद पडला. एक बोट फिरवलं का गेले दुसऱ्या गाण्यावर."

"खालीच राह्यते थे," सोमारीबाई म्हणाली. "तसंच हाये गाणं."

गाणं मोहफुलाचं होतं. फुलं पडायला लागली की बाया पहाटेच जंगलात जातात. जिचं तिचं झाड ठरलेलं, आणि वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ काही बाई समजत नाही, जनावर समजतो. म्हणून एक जण मधूनमधून नावं घेऊन हाका मारत राहते. ज्या त्या झाडाखालून "हाये" असं उत्तर येतं आणि मग पुढच्या नावाची हाक जाते. सोमारीबाईनं त्या हाकांचंच गाणं बांधलं होतं. झिंगू वो, हायेस का? हाये. साधना वो, हायेस का? हाये. सगळ्यात शेवटी इंदूची हाक. तिथं कोणी काही बोलायचं नाही. ठेका कोराच जायचा आणि मग पुढचं कडवं उठायचं: टोपल्या टाका वो बायांनो, इंदूले धुंडा.

इंदू त्यांच्याच गावची. गेल्या साली मोहफुलं वेचताना तिचं उत्तर आलं नव्हतं.

आता सोमारीबाई हट्टी, यात वादच नाही. निवडणुकीत एकानं गाण्यात आपलं चिन्ह घालायला सांगितलं, तर ती त्याच्याच मंडपातून उठून चालती झाली. नाटकवाल्यांना एक चावट कडवं हवं होतं, त्यांना म्हणाली, तुमचं तुम्हीच लिहा आणि तुम्हीच नाचा. स्वतः बांधलेला शब्द तिनं कधी कोणासाठी बदलला नाही, आणि म्हणूनच की काय, तिचं नाव कधी तालुक्याबाहेर गेलं नाही. त्याचं तिला फारसं वाईट वाटायचं असंही नाही. पण यंदा आवाज फाटायला लागला होता. वरच्या सुरात गेलं की खोकल्याची उबळ यायची. हे गाणं आज इथं टिपलं गेलं नाही तर ते आपल्याबरोबरच जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

धनराज काही वाईट पोरगा नव्हता. त्यानं आपल्या परीनं तोड काढली. तिथं बासरीचा एक तुकडा टाकतो म्हणाला. नाहीतर एवढ्या बाया बसल्या आहेत, कोणीतरी "हाये" म्हणून टाका, गाणं कसं गोड होईल. झिंगूबाईनं पदर तोंडाला लावला. साधना गादीवरची फुलं बघत बसली. सोमारीबाईनं खंजिरी उचलली आणि पिशवीत घालायला घेतली. नाही तर नाही, आपलं गाणं आपण घरी नेऊ, असं ती बायांना म्हणाली.

"मी म्हणतो तिथी."

बोलली ती मयुरी. इंदूची पोरगी. मागं टाळ धरायला तिला आणली होती. गावात हे गाणं सुरू झालं की इंदूची हाक यायच्या आधी ती हटकून पाणी प्यायला उठायची. आज दार बंद होतं, आणि तीच हाक धनराजनं तिला सकाळपासून सारखी ऐकवली होती.

सोमारीबाईचा हात पिशवीतच राहिला. आजवर ज्यांना तिनं नाही म्हटलं ती सगळी बडी माणसं होती, त्यांना नाही म्हणायला तिला काहीच जड गेलं नव्हतं. ही तर इंदूची पोरगी होती.

"जमन तुले?" तिनं विचारलं.

"एकडाव म्हणू दे, मावशी."

खंजिरी पिशवीतून पुन्हा बाहेर आली. धनराजला हायसं वाटलं. त्यानं घाम पुसला, कानाला हेडफोन लावला आणि बोटानं खूण केली.

झिंगूबाईचं उत्तर आलं. साधनाचं आलं. सोमारीबाईनं डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं हाक मारली, थेट पलीकडच्या झाडापर्यंत जावी अशी.

इंदू वो, हायेस का?

"हाये," मागून आवाज आला.

हुबेहूब आईचा आवाज होता. झिंगूबाईनं गर्रकन मान वळवली. काचेमागं धनराजनं अंगठा दाखवला, ठेका बरोबर भरला होता.

पण पुढचं कडवं काही उठेना. खंजिरी थोडा वेळ तशीच वाजत राहिली, मग तीही थांबली. धनराजनं वाट बघितली आणि शेवटी माईकवर आला.

"बाई, आता काऊन थांबल्या? पुढची ओळ घ्या ना. टोपल्या टाका वो बायांनो…"

सोमारीबाई मागं वळून मयुरीकडे बघत होती.

"हाये म्हणून राह्यली ना थे," ती म्हणाली. "मंग आता धुंडाचं कोणाले?"