मापाचे बूट

माझ्या पोटऱ्या जाड, पावलं रुंद. घोडेस्वारीचे उंच बूट कुठल्याच दुकानात माझ्या पायात चढले नाहीत. शेवटी कोल्हापूरच्या कारागिराकडून मापाने शिवून घेतले. पहिल्यांदा चेन वरपर्यंत गेली तेव्हा मला रडूच आलं.

"वापरून चामडं खाली बसतं ताई, म्हणून दोन बोटं उंच ठेवलेत," तो म्हणाला. "तोवर गुडघा नीट वाकणार नाही. पायऱ्या टाळा."

मी कसली ऐकते! बूट मिरवत तबेल्याकडे निघाले आणि क्लबच्या पायऱ्यांवरच आपटले. घोड्याने लांबूनच पाहिलं.

घोटा टम्म सुजला, चेन हलेना. दवाखान्यात डॉक्टरांनी बूट कापायला कात्री उचलली.

"थांबा! आधी भूल द्या."

"पाय एवढा दुखतोय?"

"पायाचं सोडा हो. हे मला बघवणार नाही."