चार स्क्रू

नातीने स्वतःच्या पहिल्याच डिझाइनची इस्त्री माझ्या हातात ठेवली. तिच्याच कंपनीच्या दुरुस्तीच्या खिडकीत मी तीस वर्षं इस्त्र्या उघडल्या. सवयीने उलटून पाहिली. “अगं, हिचे स्क्रू कुठायत?” “नाहीत, आजी. चिकटवलीय. बिघडली की फेकायची, नवी घ्यायची.” “आणि दुरुस्ती?” “साहेब म्हणतात, दुरुस्तीवर कुणाचं पोट भरतं?” “माझं भरलं. तुझ्या आईचंही.” ती हसली नाही. तिची सही झाली की अशा लाखभर इस्त्र्या निघणार होत्या. तिची नोकरी अजून कायम नव्हती. मी गप्प बसायला हवं होतं. तिने इस्त्रीचं ड्रॉइंग पसरलं. “स्क्रू किती लागतील?” “चार,” मी बोलून गेले. “साहेब काढून टाकतील गं तुला!” तिने स्क्रूच्या जागी पहिला गोल काढला. पेन हिसकावायला मी हात पुढे केला, आणि कागद हलू नये म्हणून धरून ठेवला.